कमोडची शिडी, पायाखालचा स्टूल आणि पुलअप पँट: संवेदी अडचणी असलेल्या मुलांसाठीच्या साधनांचे परीक्षण

शी-शूची सवय लागावी म्हणून बाजारात जे साहित्य मिळते, ते बहुतेक सगळे दीड ते तीन वर्षांच्या मुलांना समोर ठेवून बनवलेले असते. त्यावर बदके आणि अस्वले असतात, आणि काही खुर्च्या शू झाल्याबरोबर गाणेही वाजवतात. मूल सात-आठ वर्षांचे झाले आहे, आवाज, स्पर्श, वास किंवा तोल यांपैकी कशाचा तरी त्याला सतत जाच होतो आणि अजूनही चड्डीत शी होते, अशा घरासाठी काय घ्यावे याचे उत्तर त्या दुकानांत मिळत नाही. आमची मुलगी आता आठ वर्षांची आहे. तिला ऑटिझम आहे, आणि शौचालय ही तिच्या दिवसातील सर्वांत अवघड जागा राहिलेली आहे. ठाण्यातल्या आमच्या घरात आम्ही जी साधने वापरली, त्यांचे हे परीक्षण आहे. कंपन्यांची नावे मी देत नाही, कारण एकाच साच्यातली वस्तू वेगवेगळ्या नावांनी विकली जाते, आणि नावापेक्षा तिच्या घडणीत काय पाहून घ्यावे हे कळणे अधिक उपयोगाचे आहे.

आधी परीक्षणाची कसोटी सांगते. अमेरिकेतील ऑक्युपेशनल थेरपिस्ट (रोजची कामे जमावीत म्हणून उपचार करणाऱ्या तज्ज्ञ) डॉ. जीन आयर्स यांनी संवेदनांच्या एकात्मीकरणाचा, म्हणजे मेंदू सगळ्या संवेदनांची सांगड कशी घालतो याचा, विचार मांडला, तेव्हा त्यांनी पाच ज्ञानेंद्रियांपलीकडे तोलाची जाणीव आणि स्नायू-सांध्यांतून येणारी जाणीव यांवर भर दिला. आता थेरपिस्ट त्यांच्या जोडीला शरीराच्या आतून येणाऱ्या जाणिवेचाही विचार करतात. भूक, तहान, मूत्राशय भरल्याची आणि शी आल्याची खूण या आतल्या जाणिवेतून कळते. कमोडवर बसलेल्या मुलाच्या बाबतीत हे सगळे एकाच वेळी घडत असते: मांडीला गार प्लॅस्टिक लागते, खाली पोकळी असते, पाय अधांतरी असतात, फरशांमुळे प्रत्येक आवाज घुमतो, एक्झॉस्ट पंखा घरघरत असतो, फिनाइलचा वास येतो आणि शेवटी फ्लशचा धडाका होतो. आमच्या मुलीला बाहेरचे हे सगळे फार जास्त जाणवते आणि आतली खूण मात्र फार उशिरा जाणवते. त्यामुळे एखादे साधन दिसायला कसे आहे यापेक्षा त्यामुळे तिच्या शरीराला आधार मिळतो की आणखी एक त्रास होतो, एवढेच मी पाहत आले आहे.

मात्र कोणतीही खरेदी करण्यापूर्वी बद्धकोष्ठाचा प्रश्न बालरोगतज्ज्ञांकडून निकालात काढून घ्यावा, हे मी सगळ्या साधनांच्या आधी लिहिते, कारण आतडे भरलेले असताना बाहेरची कोणतीही वस्तू काम करत नाही. शी करताना एकदा दुखले की मूल ती रोखून धरते, रोखलेल्या शीतले पाणी आतडे शोषून घेते, ती आणखी घट्ट होते आणि पुढच्या वेळी आणखी दुखते. असे महिनोन्‌महिने चालले की गुदाशय ताणला जातो आणि शी आल्याची खूण मेंदूपर्यंत नीट पोहोचेनाशी होते. मग साचलेल्या घट्ट खड्यांच्या कडेने पातळ शी झिरपते, चड्डी खराब होते, आणि घरात कोणाला वाटते जुलाब लागले आहेत, तर कोणाला वाटते मूल मुद्दाम करते आहे. प्रत्यक्षात त्या मुलाला ते कळलेलेच नसते. भरलेल्या आतड्याचा दाब मूत्राशयावर येत असल्याने दिवसा किंवा रात्री शू होण्याचा त्रासही याच कारणाने वाढू शकतो. इंग्लंडमधील ब्रिस्टल शहरात तयार झालेला, शीच्या सात प्रकारांची चित्रे असलेला एक तक्ता डॉक्टर वापरतात. त्यात पहिला प्रकार सुट्या कडक गोळ्यांचा, सातवा पूर्ण पाण्यासारखा, आणि तिसरा-चौथा सर्वसाधारण मानला जातो. हा तक्ता शौचालयाच्या दाराच्या आतल्या बाजूला लावून रोज त्या दिवसाचा आकडा वहीत लिहून ठेवल्याने डॉक्टरांशी बोलणे आम्हाला फार सोपे गेले. पॉलिइथिलीन ग्लायकॉल किंवा लॅक्ट्युलोज ही शी मऊ करणारी औषधे डॉक्टर अनेक महिने देतात. ‘सवय लागेल’ या भीतीने ती मध्येच बंद केली जातात आणि चक्र पुन्हा सुरू होते. ताणलेला गुदाशय पूर्ववत व्हायला वेळ लागतो, म्हणून औषधाचा काळ आणि मात्रा दोन्ही डॉक्टरांनीच ठरवावीत. एरंडेलात बुडवलेला विड्याच्या पानाचा देठ लावण्याचा उपाय अनेक घरांत आजही सुचवला जातो, आणि सुचवणाऱ्याच्या मनात मायाच असते. पण ज्या मुलाला त्या जागेच्या स्पर्शाचीच दहशत आहे, त्याची भीती त्याने वाढते, म्हणून आम्ही तो नम्रपणे नाकारला.

आता साधनांकडे वळते. सर्वाधिक जाहिरात होते ती कमोडला अडकवायच्या, घडी होणाऱ्या शिडीच्या सीटची. हजार-दीड हजार रुपयांच्या आसपास ती मिळते. मूल स्वतः चढू शकते आणि पायरीवर पाय टेकू शकते, ही तिची दोन आश्वासने आहेत आणि तीन-चार वर्षांच्या, तोलाची भीती नसलेल्या मुलाच्या बाबतीत ती पाळलीही जातात. आमच्याकडे ती उपयोगी पडली नाही. पायरीवर वजन पडले की सांध्यांतून ती किंचित हलते, आणि मोठ्या माणसाच्या लक्षातही येणार नाही एवढी ती हालचाल तोलाबद्दल संवेदनशील असलेल्या मुलाला आपण पडणार असे वाटायला पुरेशी ठरते. पाय पायरीवरून उचलला की त्याला पुढे काहीही करायचे नसते, फक्त खाली उतरायचे असते. शिवाय पायरी अरुंद असते, त्यामुळे टाच हवेत राहते. सहा वर्षांच्या पुढच्या मुलाचे गुडघे तिथे अडचणीत येतात. ज्यांना ही सीट घ्यायचीच असेल त्यांनी तळाला रबर असलेली, पायरीची उंची बदलता येणारी आणि दोन्ही बाजूंना धरायला मुठी असलेली पाहावी, आणि मूल बसण्यापूर्वी तिच्यावर हाताने जोर देऊन ती किती डुलते हे तपासावे.

याउलट आंघोळीच्या वेळी बसायला वापरतात तसा साधा, जाड प्लॅस्टिकचा बुटका स्टूल हे आमच्या घरातले सर्वांत यशस्वी साधन ठरले. त्यामागे शरीररचनेचे कारण आहे. गुदाशयाभोवती एक स्नायू गोफणीसारखा वेढा देऊन असतो. आपण ताठ बसलेलो असताना तो गुदाशयाला वळण देऊन धरतो आणि उकिडवे बसल्यावर सैल पडतो, त्यामुळे वाट सरळ होते. कमोडवर बसून हीच स्थिती मिळवायची तर गुडघे कंबरेपेक्षा वर यायला हवेत आणि तळपाय पूर्ण टेकायला हवेत. पाय टेकले की पोटाच्या स्नायूंना जोर लावायला आधार मिळतो, आणि तोलाची चिंता संपल्यामुळे मूल त्या जागी थांबू शकते. अमेरिकेत ‘स्क्वॉटी पॉटी’ या नावाने याच तत्त्वावरचा, कमोडला वळसा घालून ठेवायचा स्टूल प्रसिद्ध झाला, आणि तशा घडणीचे स्टूल आता आपल्याकडेही ऑनलाइन मिळतात. ते मोठ्या माणसांसाठी ठीक आहेत, पण मुलासाठी उंची मोजूनच घ्यावी. कमोडच्या बैठकीची जमिनीपासूनची उंची मोजावी, त्यातून मुलाच्या तळव्यापासून गुडघ्यामागच्या खळगीपर्यंतचे अंतर वजा करावे, आणि आलेल्या आकड्यात दोन-तीन इंच मिळवावेत. बैठक १६ इंचांवर असेल आणि मुलाचे अंतर १२ इंच असेल, तर स्टूल साधारण ७ इंचांचा हवा. मूल वाढते तसा तो बदलावा लागतो. आमच्या ओळखीच्या एका घरी सुताराकडून रुंद लाकडी चौकट करून घेतली आहे, आणि तिचा जडपणा हाच तिचा गुण आहे, कारण ती मुलाच्या पायाने सरकत नाही. मात्र लाकूड ओल धरते, म्हणून तिला चारही बाजूंनी वॉटरप्रूफ रंग हवा. स्टूलवर चटई चिकटवायची असेल तर तिचा खरखरीतपणा आधी मुलाच्या तळव्यांना विचारावा.

कमोडचे भोक लहान करणारी सीट ही दुसरी आवश्यक वस्तू आहे. आपण आत पडू, ही मुलांची भीती खरी असते, कारण मोठ्यांच्या सीटवर त्यांना मांड्यांनी स्वतःला आवळून धरावे लागते, आणि मांड्या आवळलेल्या असताना शी होत नाही. या सीट दोन प्रकारच्या मिळतात. मऊ गादीच्या सीटवर बसताना गार लागत नाही, पण ठाण्या-मुंबईच्या घामाच्या हवेत तिचे रेक्झिन मांडीला चिकटते आणि उठताना ओढ बसते. स्पर्शाबद्दल संवेदनशील मुलांना ही ओढ अजिबात खपत नाही, आणि काही महिन्यांत शिवणीतून पाणी आत जाऊन वास धरू लागतो. कडक प्लॅस्टिकची, कडा गोल केलेली, खाली रबरी पट्ट्या असलेली सीट आम्हाला अधिक पसंत पडली. हिवाळ्यात बसण्यापूर्वी तिच्यावरून कोमट पाण्याने भिजवलेले फडके फिरवले की गारव्याचा प्रश्न सुटतो. मुलग्यांसाठी पुढे उंच कड असलेल्या सीट मिळतात. चढता-उतरताना ती कड लागते अशी तक्रार मी इतर पालकांकडून ऐकली आहे, म्हणून ती काढता येण्यासारखी असावी.

भारतीय पद्धतीच्या शौचालयात उकिडवे बसण्याची स्थिती मुळातच योग्य असते, आणि ज्यांच्या घरी ते आहे त्यांनी कमोड बसवण्याची घाई करू नये. पण ज्या मुलांच्या स्नायूंत ताण कमी असतो, त्यांना ती बैठक मिनिटभरही टिकवता येत नाही. समोरच्या भिंतीवर मुलाच्या खांद्याच्या उंचीला पक्की बसवलेली स्टीलची आडवी दांडी या अडचणीवर चांगला उपाय ठरते. हार्डवेअरच्या दुकानात ती सहज मिळते, फक्त ती टॉवेलची दांडी नसून वजन पेलणारी असावी आणि टाइलच्या मागे भिंतीत पक्की बसवलेली असावी.

आवाजासाठी आम्ही घेतलेल्या कानांवरच्या इयरमफबद्दल माझे मत संमिश्र आहे. कारखान्यात वापरतात तसे इयरमफ मुलांच्या मापातही मिळतात आणि फ्लशचा, पंख्याचा आवाज बराच खाली आणतात. पण डोक्यावर बसणारा दाब काही मुलांना आवडतो आणि काहींना मुळीच आवडत नाही, आणि ते दिवसभर घालून ठेवले तर साध्या आवाजांचाही त्रास वाढू शकतो, असे आमच्या थेरपिस्टनी बजावले होते. मुलगी बाहेर आल्यावर तिच्या संमतीने फ्लश करणे आणि ती आत असताना एक्झॉस्ट बंद ठेवणे या बिनपैशाच्या दोन बदलांनी इयरमफची गरज घरी जवळजवळ संपली. मॉल, रेल्वे स्थानक आणि लग्नाचे हॉल यांसाठी मात्र ते पिशवीत असतातच. तिथल्या आपोआप होणाऱ्या फ्लशच्या सेन्सरवर कागदाची चिकटपट्टी लावली, की मूल बसलेले असताना तो वाजत नाही.

धुण्याच्या बाबतीत हेल्थ फॉसेटचा, म्हणजे कमोडशेजारच्या हातात धरायच्या फवाऱ्याचा, आग्रह सोडावा. त्याचा जोर आणि गारवा नाजूक जागेवर अचानक येतो, आणि पुढच्या वेळी मूल बसायलाच नकार देते, याचे कारण अनेकदा मागच्या वेळच्या त्या फवाऱ्यात असते. आम्ही टमरेलात कोमट पाणी घेतो आणि ते ओतण्यापूर्वी तिला सांगतो. लांब दांड्याचा, पातळ धार पडणारा छोटा मग मिळाला, तर पुढे मूल स्वतः धुवायला शिकते, आणि पाणी कधी येणार हे त्याच्या हातात असल्यामुळे त्याची भीतीही कमी होते.

मनगटावर थरथरणारे घड्याळ हे या यादीतले सर्वांत महाग आणि सर्वांत मर्यादित उपयोगाचे साधन आहे. ठरावीक अंतराने ते थरथरते आणि मूल शौचालयात जाते, एवढेच त्याचे काम. दिवसा शू रोखून ठेवणाऱ्या मुलांच्या बाबतीत हे मोलाचे आहे, कारण शाळेत बाईंनी सर्वांसमोर आठवण करून देण्याची वेळ येत नाही. पण शरीरातली खूण ओळखायला ते शिकवत नाही. शीसाठी तर घड्याळापेक्षा जेवण हाच खरा संकेत आहे. पोटात अन्न पडले की मोठे आतडे आपोआप हालचाल करू लागते, म्हणून जेवणानंतर वीस-तीस मिनिटांच्या आत पाच ते दहा मिनिटे स्टूलवर पाय टेकवून बसवावे आणि काही झाले नाही तरी बसल्याबद्दल शाबासकी द्यावी. साबणाचे फुगे उडवायची बाटली त्या वेळी हातात दिली की फुंकर मारताना पोटाचे स्नायू आपोआप खाली दाब देतात आणि मूल कुंथत नाही. सगळ्या खरेदीत किमतीच्या मानाने अधिक उपयोगी वस्तू मी दुसरी पाहिलेली नाही.

पुलअप पँट म्हणजे चड्डीसारखा वर ओढून घालायचा डायपर. तिच्याबद्दल पालकांच्या मनात अपराधी भाव असतो, तो मला मान्य नाही. आठ वर्षांच्या मुलीला वर्गात, रिक्षात, नातेवाइकांकडे ओल्या कपड्यांत बसावे लागू नये, हा तिच्या सन्मानाचा प्रश्न आहे. तरीही साधन म्हणून तिचे दोष सांगायला हवेत. तिच्यातला शोषक पदार्थ ओल इतक्या झटपट आत ओढून घेतो की आतली जाणीव मंद असलेल्या मुलाला काही घडल्याचेच कळत नाही, म्हणून घरात, फरशीवर वावरताना साधी सुती चड्डी आणि बाहेर पुलअप अशी वाटणी आम्ही केली आहे. मापाची अडचण मोठी आहे. बाळांच्या पँट बहुतेक २५ ते ३० किलोंच्या आसपास थांबतात आणि मोठ्यांच्या सर्वांत लहान मापाची पँट मुलांच्या मांडीशी सैल पडते, तिथून गळते. मांडीचा घेर मोजून, एकच पाकीट मागवून पाहिल्याशिवाय गठ्ठ्याने घेऊ नये. धुता येणाऱ्या, आत सुती थर असलेल्या चड्ड्यांत ओल जाणवते आणि मोठे गळणे मात्र थांबते, त्यामुळे शिकण्याच्या काळात त्या चांगल्या आहेत. पण जून ते सप्टेंबर त्या दोन-दोन दिवस वाळत नाहीत, आणि मागचे लेबल व आतली शिवण टोचणारी असेल तर मूल त्या घालतच नाही. घेतल्याबरोबर लेबल मुळापासून उसवून टाकावे. नाडीचा पायजमा आणि घट्ट बटणांची पँट बाद करून रुंद, मऊ इलास्टिकचे कपडे घेतले की शेवटच्या क्षणी होणारी पंचाईत बरीच टळते.

रात्रीच्या अंथरुणासाठी जुने मेणकापड घेऊ नये. ते कुस बदलताना कुरकुरते, खाली घाम धरते आणि आवाजाने जागे होणाऱ्या मुलाची झोप मोडते. वरून सुती आणि खालून जलरोधक थर असलेली, गादीला चारही कोपऱ्यांत इलास्टिकने बसणारी चादर शांत असते. अशा दोन घ्याव्यात आणि त्यांच्या मध्ये एक साधी चादर घालून गादी दुहेरी करून ठेवावी, म्हणजे मध्यरात्री फक्त वरचा थर काढून मुलाला पुन्हा झोपवता येते. वयाच्या सातव्या-आठव्या वर्षी रात्री शू होणे हे पुष्कळ मुलांत आढळते, आणि त्यासाठी रात्री पाणी तोडण्यापेक्षा दिवसा पुरेसे पाणी पाजणे व बद्धकोष्ठ घालवणे याकडे डॉक्टर आधी लक्ष देतात.

या सगळ्या वस्तूंपेक्षा एका सेवेचा उपयोग आम्हाला अधिक झाला, ती म्हणजे ऑक्युपेशनल थेरपिस्टची घरभेट. थेरपी केंद्रातले झोके, चेंडू आणि बोळकांडी यांचा फायदा वेगळा आहे, पण आमच्या शौचालयाचा दिवा डोळ्यांत येतो, दार आत उघडल्यामुळे मुलगी कोपऱ्यात अडकते आणि फिनाइलचा वास ती नाक दाबून सहन करते, हे तिथे बसून कोणालाही दिसले नसते. त्यांनी आमच्याच शौचालयाचे फोटो काढून दारापासून हात धुण्यापर्यंतच्या पायऱ्यांची पट्टी बनवायला सांगितली. बाजारातल्या चित्रांच्या तयार तक्त्यापेक्षा ती मुलीला लगेच समजली, कारण त्यातली बादली तिची होती. थेरपिस्ट निवडताना पहिल्या भेटीत त्या शीबद्दल सविस्तर विचारतात का, आणि डॉक्टरांची चिठ्ठी मागतात का, हे पाहावे. जे फक्त वागणुकीबद्दल बोलतात आणि आतड्याबद्दल काहीच विचारत नाहीत, त्यांच्याकडे या प्रश्नासाठी पैसे खर्च करू नयेत. खासगी केंद्राचा खर्च झेपत नसेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली जिल्हा पातळीवर चालणाऱ्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात चौकशी करावी. ऑटिझमचे प्रमाणपत्र असलेल्यांनी राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ आरोग्य विम्याचीही माहिती घ्यावी, त्यात वर्षाला १ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे आणि थेरपीचाही समावेश आहे.

शाळेसाठी आम्ही एक वेगळा संच केला आहे: त्याच मापाचा दुसरा स्टूल, कडक सीट, एक छोटा मग, आणि बाहेरून काही दिसणार नाही अशा कापडी पिशवीत दोन चड्ड्या, युनिफॉर्मचा जोड व ओल्या कपड्यांसाठी घट्ट बंद होणारी पिशवी. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा कायदा शाळांवर मुलाच्या गरजेनुसार वाजवी सोयी करण्याची जबाबदारी टाकतो, त्यामुळे डॉक्टरांच्या पत्रासह लेखी विनंती करताना संकोच वाटण्याचे कारण नाही. पत्रात तीन गोष्टी स्पष्ट लिहाव्यात: मधल्या सुट्टीची गर्दी ओसरल्यावर मुलाला जाऊ द्यावे, मागेल तेव्हा पाणी पिऊ द्यावे, आणि कपडे बदलावे लागले तर ते वर्गाबाहेर, ठरलेल्या एकाच मावशींच्या मदतीने व्हावेत. त्या मावशींना आपण स्वतः भेटून टमरेलातले पाणी ओतण्यापूर्वी मुलीला सांगायचे असते, एवढे समजावून द्यावे.